चिनी पात्राला शंकूची टोपीच का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शहरातील एका शाळेच्या स्नेहसंमेलनात नुकतीच एक बालनाटिका पाहिली. नाटिका आजच्या काळातली असूनही तिच्यातील चिनी व्यापारी डोक्यावर शंकूच्या आकाराची टोपी, पाठीवर काळी वेणी आणि लोंबत्या मिशा घेऊन रंगमंचावर आला. दोष त्या एका शाळेचा नाही. आपल्या बालकथांच्या चित्रांत आणि एकांकिकांत चिनी, जपानी, व्हिएतनामी अशी सारीच पात्रे वर्षानुवर्षे याच वेशात येत आली आहेत.

ही टोपी खोटी नाही, पण ती कष्टाची आणि यात्रेची आहे. व्हिएतनाममध्ये बांबूच्या कड्यांवर ताडवर्गीय झाडाची पाने शिवून ती तयार करतात. जपानमध्ये शिकोकू बेटावरील 88 मंदिरांची यात्रा करणारे भाविक गवती टोपी आजही घालतात. इगतपुरी-त्र्यंबकेश्वर भागात भातलावणीच्या वेळी इरले पांघरून वाकलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना दोन्ही हात मोकळे ठेवून ऊनपाऊस अडवणाऱ्या अशा साधनाचे मोल वेगळे सांगायला नको. वेणीची गोष्ट निराळी. ती चीनवर सत्ता मिळवलेल्या मांचू वंशाच्या राज्यकर्त्यांनी 1645 मध्ये तिथल्या बहुसंख्य हान समाजातील पुरुषांवर सक्तीने लादली होती आणि 1912 मध्ये ती राजवट संपल्यावर तीही मागे पडली. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी व्यंगचित्रांनी स्थलांतरित चिनी मजुरांना वेणी आणि टोपीपुरते उरवून त्यांची यथेच्छ टिंगल केली, आणि त्याच द्वेषाच्या वातावरणात 1882 मध्ये चिनी मजुरांना अमेरिकेत प्रवेशबंदी करणारा कायदा झाला. तेच चित्र आपण मुलांपुढे निरागसपणे ठेवतो, याचे मला मनापासून दुःख होते.

परदेशी कथाचित्रांत प्रत्येक भारतीयाच्या डोक्यावर रत्नजडित पगडी दिसली की आपल्याला खटकते, आणि ते योग्यच आहे. डोक्यावरच्या वस्त्रावरून माणूस ओळखण्याची सवय जीवघेणीही ठरते: 15 सप्टेंबर 2001 रोजी अमेरिकेतील मेसा शहरात बलबीरसिंग सोढी या शीख गृहस्थांची पगडी व दाढी पाहून, त्यांना अरब समजून हत्या करण्यात आली.

पात्र भाताच्या खाचरात उभे असेल तर त्याला ही टोपी अवश्य द्यावी. ते दुकानात, प्रयोगशाळेत किंवा वर्गात असेल तर आपण घालतो तसेच साधे कपडे त्याला द्यावेत, एवढीच शिक्षकांना आणि चित्रकारांना विनंती आहे. आपल्या दैनिकाच्या बालपुरवणीतील चित्रे निवडतानाही याचा विचार व्हावा.

आपला,
एक पालक, नाशिक