अपिलाबाबत चि. निनाद यास

नौपाडा, ठाणे

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर 30 टक्के लिहून आले आणि आता पुढे काही करायचे नाही असे तू ठरवलेस, हे चि. सौ. मेघनाकडून समजले. फोनवर हा विषय निघाला की तू औषधांचे किंवा बाबांच्या तब्येतीचे बोलू लागतोस, म्हणून सविस्तर लिहीत आहे. तू अपील करावेस असे माझे स्पष्ट मत आहे. ते केवळ आईच्या मायेपोटी बनलेले नाही. सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात माझी नोकरी गेली. कागदावर जे आले नाही ते घडलेच नाही असे धरूनच पुढचा अधिकारी निर्णय घेतो, आणि बहुतेक वेळा त्यात त्याचा दुष्टावा नसतो, हे मी पुरेसे पाहिले आहे.

दिव्यांगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डापुढे काय झाले ते तुझ्याच शब्दांत मी ऐकले आहे. सकाळी गाडीत उभे राहता यावे आणि रांगेत थांबता यावे म्हणून तू पहाटेच वेदनाशामक गोळी घेतलीस. नंबर लागेपर्यंत दुपार झाली होती. डॉक्टरांनी वाकायला सांगितले, मान वळवायला सांगितली, मापे घेतली, क्ष-किरण पाहिले आणि त्रास किती आहे असे विचारले, तेव्हा तू "चालतंय तसं" असे उत्तर दिलेस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, त्यामुळे त्या उत्तराचे नवल वाटले नाही. पण अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा हा संधिवात, आजारच असा आहे की तो विश्रांतीने वाढतो आणि हालचालीने थोडा सैल होतो. रात्री कुशीवर वळताना जाग येते, पहाटे पाठ फळीसारखी होते, आणि अंघोळ, व्यायाम, चालणे झाल्यावर शरीर हळूहळू वळू लागते. बोर्डाने ज्याला तपासले तो गोळी घेतलेला, चालून मोकळा झालेला, दुपारचा निनाद होता. सकाळी सहा वाजता पलंगाच्या कडेवर बसून पायमोज्यापर्यंत हात न पोहोचणारा निनाद त्यांना दिसलाच नाही आणि कोणी सांगितलाही नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. 1995 च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, या कायद्यात एकवीस आहेत. दीर्घकालीन वेदना हा त्यांतला स्वतंत्र प्रकार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला स्वतःचे स्थान दिले, पण आपल्याकडे तुझ्यासारख्या रुग्णाला अस्थिव्यंगाच्या दारातूनच आत जावे लागते, आणि त्या दारात सांध्याची हालचाल, स्नायूंची ताकद आणि क्ष-किरण यांना महत्त्व असते. 2001 साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या सूचनांमध्ये मणक्याच्या दुखण्याचा एक तक्ता होता. रुग्ण दुखते असे सांगतो, पण रचनेतला बिघाड दाखवता येत नाही, अशा स्थितीसाठी त्यात 0 टक्के होते, आणि क्ष-किरणावरचे बदल वाढतील तसे टक्के वाढत होते. पुढे 2018 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये सूचना नव्याने आल्या, तरी डोळ्यांना दिसेल आणि मोजपट्टीवर मावेल तेच आधी धरायचे ही बैठक फारशी हललेली नाही. एवढ्यासाठी डॉक्टरांना बोल लावणे मला योग्य वाटत नाही. त्यांच्यासमोर लांब रांग असते, खोटी प्रमाणपत्रे मिळवणाऱ्यांचा संशय असतो आणि हातात तक्ता असतो. मात्र तक्त्यात न मावणारे दुखणे सहन करणाऱ्याने गप्प बसावे, हेही मला मान्य नाही.

तुझ्या आजाराच्या बाबतीत तर वैद्यकशास्त्राने स्वतःच ही अडचण ओळखलेली आहे. 1984 च्या निकषांप्रमाणे कमरेच्या तळाशी असलेल्या सॅक्रोइलियाक सांध्यांतला बदल क्ष-किरणावर दिसल्याशिवाय या रोगाचे निदान पक्के होत नसे, आणि तो बदल दिसायला कित्येक वर्षे जातात. म्हणूनच 2009 च्या निकषांत एमआरआयवर दिसणारी सूज आणि एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी यांनाही स्थान मिळाले. तुझा एमआरआय आहे, रक्ताचा अहवाल आहे. तू बोर्डापुढे नेलेल्या फाइलमध्ये ते सर्वांत खाली, जुन्या बिलांच्याही मागे लावलेले होते असे मेघना म्हणाली. अपिलाच्या वेळी ते पहिल्या पानाच्या लगेच मागे असले पाहिजेत.

आता या सगळ्यातून मिळणार काय, हा तुझा प्रश्न. त्याचे उत्तर मी फुगवून देणार नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजना आपल्यासाठी नाही. दिव्यांग अर्जदारासाठीसुद्धा तिथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे आणि तुम्हा दोघांचे पगार तिच्या कितीतरी वर आहेत. ज्यांच्यासाठी ती आहे त्यांनाच ती मिळावी. पण 40 टक्के किंवा त्याहून अधिक झाल्यास कायद्याच्या भाषेत ते लक्षणीय दिव्यांगत्व ठरते, आणि तिथून बऱ्याच गोष्टी सुरू होतात. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत 75,000 रुपयांची वजावट मिळते, एसटीच्या भाड्यात सवलत मिळते, सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणासाठी अर्ज करता येतो. तुझी जैविक औषधांची इंजेक्शने चालू ठेवायची तर करातली ही बचत छोटी नाही. शिवाय ठाणे-वाशी गाडीत सकाळच्या गर्दीत उभे राहून गेल्यावर तुझी संध्याकाळ कशी जाते ते मी पाहिले आहे. हातात पुरेसा कागद असेल तर दिव्यांगांच्या डब्यात हक्काने चढता येईल, आणि "तरुण माणूस इथे कसा" असे कोणी विचारले तर तुला आपल्या पाठीची कहाणी अनोळखी माणसांना सांगत बसावे लागणार नाही.

तुझ्यापेक्षा जास्त त्रासातली माणसे रांगेत होती आणि त्यांच्यापुढे आपण मागायला उभे राहणे बरे वाटले नाही, असे तू मेघनाला म्हणालास. हे ऐकताना तुझा अभिमानही वाटला आणि वाईटही वाटले. तुझे टक्के वाढल्याने रांगेतल्या कोणाचेही कमी होत नाहीत. आणि उलट बाजूचेही सांगते. बाहेर भेटलेल्या त्या माणसाने पैसे घेऊन काम करून देण्याची आणि आत जाताना लंगडून दाखवण्याची जी सूचना केली, ती तू धुडकावलीस हे फार योग्य केलेस. जे नाही ते दाखवायचे नाही. पण जे आहे ते झाकणे हाही खरेपणा नव्हे, आणि अपील करायचे ते एवढ्याचसाठी.

दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 59 प्रमाणे प्रमाणपत्राच्या निर्णयावर अपील करता येते. त्यात रागाचे किंवा रडगाण्याचे एकही वाक्य नको, बोर्डावर आरोप नको. तुझ्या संधिवाततज्ज्ञांकडून सविस्तर पत्र घे. हालचालींच्या अडचणी मोजण्याची बासफाय नावाची प्रश्नावली ते वापरतात, तिच्या प्रत्येक भेटीतल्या नोंदी मागून घे. मदतीशिवाय मोजे घालणे, खाली पडलेले पेन वाकून उचलणे, हात नसलेल्या खुर्चीतून उठणे, आधाराशिवाय दहा मिनिटे उभे राहणे, असे साधे प्रश्न तिच्यात आहेत आणि प्रत्येकाला शून्य ते दहा गुण असतात. "चालतंय तसं" हे उत्तर त्या कागदावर लिहायला जागाच नाही, म्हणून ती मला आवडली. त्यासोबत सकाळी आखडलेपण किती वेळ टिकते याची नोंद रोजच्या रोज ठेव. फेरतपासणी ठरली तर त्या दिवशीच्या गोळीबाबत काय करायचे ते संधिवाततज्ज्ञांनाच विचार, स्वतःहून बंद करू नकोस. पण गोळी घेतलेली असेल तर ती कितीला घेतली हे तपासणाऱ्या डॉक्टरांना न विचारता सांग आणि लिहूनही दे. अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचे नाही.

महाप्याच्या ऑफिसात सकाळी दोन तास उशिरा येण्याची परवानगी मागितलीस, तर 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र आणा असे उत्तर आले. त्यासाठी अपिलाच्या निकालापर्यंत थांबू नकोस. 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या प्रकरणात निर्णय दिला. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या त्या उमेदवाराला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक हवा होता आणि त्याचे दिव्यांगत्व 40 टक्क्यांत बसत नव्हते. आरक्षणासाठीची ही अट वाजवी सोयीसाठी, म्हणजे दिव्यांग व्यक्तीला गरजेप्रमाणे करून द्यायच्या बदलांसाठी, लावता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. तो निकाल परीक्षेबाबतचा आहे, तुझी कंपनी खासगी आहे, हे मला कळते. तरीही समान संधीचे धोरण जाहीर करण्याचे बंधन दिव्यांग हक्क कायद्याच्याच कलम 21 ने खासगी आस्थापनांवरही घातले आहे. ते धोरण दाखवा, अशी लेखी विनंती कर. ती ईमेलने कर, तोंडी नको.

अपिलाचा मसुदा बाबांनी टंकून दिला आहे, तो सोबत पाठवत आहे. औषधांची नावे आणि तारखा तू तपास. सकाळच्या त्रासाचा परिच्छेद मात्र मेघनाकडून दुरुस्त करून घे, कारण तो भाग तू नेहमी कमी करून लिहितोस आणि ती रोज पाहते. मुदत उलटण्याआधी सही करून पाठव, म्हणजे प्रतींचे संच मी इकडे लावून ठेवते.

तुझी,
आई