हौदा पाच फुटांचा

प्रिय विन्या,

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि झोप येईना, म्हणून गॅरेजात गेलो. खडू घेतला, टेप घेतली आणि जमिनीवर स्लेट या नव्या अमेरिकन कंपनीच्या त्या इलेक्ट्रिक पिकअपचा हौदा आखला. लांबी पाच फूट. भिंतीला टेकून ठेवलेली आठ बाय चारची प्लाय त्यावर आडवी केली, तर तीन फूट रेघेबाहेर. फाळका पाडला तरी टोक लोंबतच राहणार, म्हणजे दर खेपेला दोरी आणि लाल फडकं आलं. तरीही बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत उभा होतो. मला ही गाडी मनापासून आवडली आहे, हे आधीच सांगून टाकतो.

इतक्या वर्षांनी कुणीतरी लहान ट्रक करतंय, विन्या! दोन माणसांपुरती केबिन, हाताने फिरवायच्या काचा, गाण्यांची सोय नाही, बाहेरून रंगसुद्धा नाही, अंगावर नुसतं करडं प्लॅस्टिक. ओली माती भरा, विटा भरा, चरा पडला म्हणून जीव हळहळणार नाही. मूळ बॅटरी ५२.७ किलोवॉट-तासांची आणि कंपनीच्या हिशेबाने रेंज १५० मैल. माझी जा-ये रोज चाळीस मैलांची, रात्री गाडी घरीच चार्जिंगला लागेल. कडाक्याच्या थंडीत रेंज तिसऱ्या हिश्श्याने घटली तरी माझं काही अडत नाही.

आता पैशांचं. नाव नोंदवायला पन्नास डॉलर, तेही परत मिळणारे. तू म्हणालास, ‘यात विचार कसला करायचा?’ पन्नास डॉलरचा नाहीच करायचा. पण एप्रिल २०२५ मध्ये गाडी दाखवली तेव्हा ‘वीस हजारांच्या आत’ म्हणाले होते, ते इलेक्ट्रिक गाड्यांवरची अमेरिकेच्या केंद्र सरकारची ७,५०० डॉलरची करसवलत धरून. ३० सप्टेंबर २०२५ नंतर ती सवलत संपली. गाडीचा एक नटबोल्ट न बदलता आपल्यासाठी ती तेवढ्याने महाग झाली. कंपनीही पंचवीस हजारांच्या आसपासची भाषा करू लागली. कारखाना इंडियाना राज्यातल्या वॉर्सा गावात, एका जुन्या छापखान्याच्या इमारतीत. कंपनीची ही पहिलीच गाडी. तेव्हा पक्का आकडा हातात पडेपर्यंत मी कुठलाच आकडा धरून चालणार नाही.

टेस्लाचा इलेक्ट्रिक पिकअप, सायबरट्रक, आठवतो ना? नोव्हेंबर २०१९ मध्ये शंभर डॉलर घेऊन नोंदणी आणि सुरुवातीची किंमत ३९,९०० डॉलर. चार वर्षांनी गाड्या हातात पडायला लागल्या तेव्हा सगळ्यात स्वस्त मॉडेल ६०,९९० वर गेलं होतं, आणि तेही लगेच मिळणार नव्हतं. रिव्हियन या दुसऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीचं तर मला जास्तच लागलं. १ मार्च २०२२ ला त्यांनी आर-वन-टी या पिकअपचा भाव जवळजवळ १२ हजारांनी वाढवला, आणि आधीपासून रांगेत उभ्या असलेल्यांनाही तोच लावला. लोक इतके भडकले की दोन दिवसांत कंपनीचे प्रमुख आर. जे. स्करिंज यांना माफी मागून जुन्या नोंदणीवाल्यांना जुना भाव द्यावा लागला. तिथे लोकांच्या रेट्याने झालं. तसं दरवेळी होईलच असं नाही. रांगेत नंबर लागला म्हणून भाव बांधून मिळत नाही, एवढं मात्र मला त्यातून कळलं.

आणि माझं स्वतःचं तर तुला ठाऊकच आहे. एका कंपनीकडे नाव नोंदवलं, ‘तीन महिन्यांत गाडी’ या शब्दावर जुनी पिकअप विकून मोकळा झालो. तीनाचे चौदा महिने झाले. शेजाऱ्याकडे चौथ्यांदा किल्ली मागायला गेलो तेव्हा त्याने ती दिली, पण काही बोलला नाही. त्यानंतर मी मागितली नाही. त्या वर्षी बागेचं कुंपण अर्धंच राहिलं. शेवटी पैसे परत घेतले. पूर्ण मिळाले, ते नाकारत नाही. पण ते वर्ष गेलं ते गेलंच.

म्हणून मला काळजी तुझ्या नोंदणीची नाही, तुझ्या जुन्या ट्रकची आहे. फोनवर सहज म्हणालास की या महिन्यात तो काढून टाकतोस, गिऱ्हाईकही मिळालंय. अरे, स्लेटची ओढायची क्षमता फक्त १,००० पौंडांची आहे. तुझी बोट ट्रेलरसकट त्याच्या दुपटीच्या वर भरते. म्हणजे ही गाडी वेळेवर आली, ठरल्या भावात आली, तरी तळ्यावर जायला तुला जुनाच लागणार. आणि बोट ओढायला पुढे मोठी इलेक्ट्रिक घ्यायचं मनात असेल तर हेही धर की मागे जड ट्रेलर लावला की रेंज निम्म्यापर्यंतही येऊ शकते.

मी नाव नोंदवतोय. खरी किंमत कळली, कुणाची तरी गाडी चालवून बघितली, की मग घ्यायची की नाही ते ठरवीन. तूही नोंदव हवं तर, पण त्या गिऱ्हाइकाला आजच फोन करून थांबायला सांग.

शनिवारी ये. चौकोन पुसलेला नाही. येताना तुझी ती लांब टूलबॉक्स घेऊन ये, प्लायशेजारी बसते का ते बघू.

तुझा,
मध्या