आप्पा रागावलेले नाहीत

लंडन

ती. दादा आणि वहिनींस,
सा. न.

यंदा सईची सुटी आणि कानबाईचा सण जुळून आलाय, म्हणजे रोटाच्या नैवेद्याला आम्ही फैजपुरात. त्याआधी एक बोलायचंय.

परवा व्हिडिओ कॉल संपल्यावर सईनं विचारलं, "आप्पा माझ्यावर चिडलेत का? हसतच नाहीत." ओम तर रोज त्यांना बघतो, त्यालाही असंच वाटत असणार. वहिनी, पोरांसमोर आजाराचं काढू नये असं तुम्ही म्हणता, पण मला ते पटत नाही. न सांगितलं तर पोरं मनानंच काहीतरी जुळवतात, आणि बहुतेकदा दोष स्वतःकडे घेतात.

मी सईला सांगितलं, की याला कंपवात म्हणतात. मेंदूतल्या डोपामाइन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात, मग हालचालीचा हुकूम नीट पोचत नाही. हात थरथरतो, आवाज बारीक होतो, चेहराही ताठतो. आप्पांना हसू येतं, ते चेहऱ्यावर दिसत नाही एवढंच. इथल्याच जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरनं १८१७ साली हा आजार लिहून ठेवला, तोही सहा माणसांवरून. त्यातली काही तर त्याला रस्त्यात दिसलेली. हे तिला फार आवडलं. आता बसमध्ये म्हाताऱ्यांकडे टक लावून बघते, ते वेगळंच!

मग खरे प्रश्न आले. त्यांच्या ताटात जेवलं तर मला होईल का? नाही, हा लागट नाही. बरे होतील का? गोळ्यांनी त्रास आटोक्यात राहतो, आजार जात नाही. हे सांगताना मला जड गेलं. ती जरा गप्प बसली आणि म्हणाली, मग आप्पा भरीत करतील ना? आता चातुर्मासात वांगं कुठलं!

ओमला एक काम द्या. आप्पांचे पाय उंबऱ्याशी अडतात तिथे जमिनीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवायच्या. अडले की हात धरून ओढायचं नाही. थांबू द्यायचं, मग मोठ्यानं एक-दोन, एक-दोन म्हणायचं. पट्टीवर पाय टाकत पुष्कळांना चालता येतं. सदऱ्याची बटणं त्यांची त्यांनाच लावू द्या, वेळ लागला तरी.

गोळी लागू पडली की त्यांचा तास-दोन तास बरा जातो, पोरांना पत्ते खेळायला तेव्हाच बसवू. कानबाईच्या गर्दीत गोळीची वेळ मात्र चुकायला नको. सध्याच्या वेळा मला मेसेज करा, सईला तिच्या घड्याळात गजर लावायचाय.

जिजीला नमस्कार.

तुमचा,
धाकटा