फोन न ठेवणाऱ्या त्या ताईंना

मागच्या महिन्यात एका रात्री साडेअकराला माझा धाकटा भाऊ न सांगता घरातून निघून गेला. नोकरी सुटल्यापासून तो आतल्या आत मिटत चालला होता. आम्हाला वाटायचं, होईल ठीक. रामकुंडाजवळ बसून त्याने एका हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडे तुम्ही होतात, विनामोबदला रात्रपाळी करणाऱ्या स्वयंसेविका.

ताई, तुम्ही उपदेश केला नाहीत. "जीव द्यावासा वाटतोय का?" असं सरळ विचारलंत. (विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही आमची समजूत साफ चुकीची होती.) मग म्हणालात, "जेवलास का रे?" तिथे तो रडला. तुम्ही त्याला पाण्यापासून उठवून रस्त्यावरच्या उजेडात यायला लावलंत, त्याला विचारून मला कळवलंत आणि मी नाशिकरोडहून पोहोचेपर्यंत त्याच्याशी बोलत राहिलात. तिसऱ्या दिवशी पुन्हा चौकशी केलीत.

आता उपचार सुरू आहेत. तुम्ही दिलेला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा २४ तास चालणारा मोफत नंबर, १४४१६, त्याने पाकिटात लिहून ठेवलाय. तुमचं नाव आम्हाला ठाऊक नाही. आई सांजवात लावताना नुसतं "त्या ताई" म्हणते आणि हात जोडते.

मनापासून आभार, ताई.