यंदाची यादी, आणि गोली (गोलकीपर) दुसऱ्या नंबरवर का

सनीव्हेल, 15 सप्टेंबर 2024

प्रिय पक्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. तीन मिनिटांचा मेसेज, त्यातली दीड मिनिटं शिव्या, की सीझन तोंडावर आला तरी यादी नाही आली. अरे घरी गणपती होते लेका, रोज कुणी ना कुणी दर्शनाला, आणि माझ्याच्याने उकडीचे मोदक वळले जात नाहीत तरी पाऱ्या करायला मलाच बसवतात. आता बाप्पा गेले, आज रविवार, बायको आणि पोरगी मंडळाच्या कार्यक्रमाला गेल्यात, तर बसलोय लिहायला. लांब होईल, चहा घेऊन वाच.

यादी म्हणजे आपली नेहमीची, सॅन होजे शार्क्स या आपल्या आइस हॉकी टीमची पोरं, जी अजून एनएचएलमधे, म्हणजे सर्वात वरच्या लीगमधे, नीट रुळली नाहीत ती, कोण किती वर. विल्यम एक्लुंड यंदा यादीत नाही, तो गेल्या सीझनला 80 मॅच खेळून 45 पॉइंट (गोल अधिक असिस्ट) घेऊन बसलाय, तो आता पोर नाही.

आधी एक सांगतो, म्हणजे तू नंतर काढणार नाहीस. 2018 च्या ड्राफ्टनंतर (टीम पाळीपाळीने नवी पोरं निवडतात तो) मी रायन मर्कलीला पहिला ठेवला होता. पहिल्या राउंडचा डिफेन्समन, पास काय द्यायचा राव, लोण्यातून सुरी. शार्क्सकडून एकूण 39 मॅच खेळला आणि 2023 च्या जानेवारीत ट्रेडमधे, म्हणजे दुसऱ्या टीमशी अदलाबदलीत, गेला. तेव्हा माझ्या यादीवर घर गहाण टाकू नकोस.

गेल्या वर्षीचं तुला माहितीये, पण तू लांबून बघितलंस, मी आत बसून बघितलंय. 82 मॅच, 19 जिंकल्या, टेबलमधे 47 पॉइंट, पूर्ण लीगमधे शेवटून पहिले. सीझनच्या पहिल्या 11 मॅचमधे एकही जिंकली नाही. नोव्हेंबरमधे व्हँकूव्हरने घरी येऊन 10-1 केलं आणि दोनच दिवसांनी पिट्सबर्गने 10-2. त्या दुसऱ्या मॅचला मी होतो, पोरीला घेऊन. कॅलट्रेनने डिरिडॉनला उतरलो, समोरच रिंक, आत गेलो, दिवे बंद, वरून तो मोठा शार्कचा जबडा खाली आला, धूर, लाल डोळे, त्यातून टीम बाहेर, पोरगी हरखून गेली. आणि मग दहा गोल. सातव्या की आठव्या गोलनंतर पुढच्या रांगेतले एक आजोबा, अंगावर शार्क्सच्या जुन्या खेळाडूची, मार्लोची, जर्सी, उठले, शांतपणे नाचोजचा डबा बंद केला, आम्हाला गुड नाईट म्हणाले आणि गेले. पोरगी मला विचारते, बाबा, आपला गोली रडत असेल का. काय सांगणार तिला.

तो प्रश्न लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

तर पहिला नंबर, यात वादच नाही, मॅकलिन सेलेब्रिनी. शेवटी आल्यावर ड्राफ्टमधे पहिला पिक (निवड) मिळतोच असं नसतं, लॉटरी असते, आपला चान्स साडेपंचवीस टक्के होता. मे महिन्यात लॉटरी लागली तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमधे कॅमेरा बंद करून अक्षरशः उभा राहिलो. पोरगा 13 जून 2006 चा, म्हणजे आत्ता 18. बॉस्टन युनिव्हर्सिटीत 38 मॅचमधे 32 गोल आणि 32 असिस्ट, आणि होबी बेकर अवॉर्ड, कॉलेज हॉकीतला सर्वात मोठा, तो घेणारा सर्वात लहान खेळाडू. पण मला त्याचे गोल सांगायचेच नाहीत. तू त्याला पक नसताना बघ. पक गेला की बाकीची पोरं अर्धा सेकंद आकाशाकडे बघतात, हा लगेच उलटा वळतो आणि मागून जाऊन स्टिक घालतो. आपल्याकडे सर म्हणायचे ना, बॉल गेला तर रडू नको, आणायला जा. हा आणायला जातो. आणि गंमत म्हणजे पोरगा तसा इथलाच, जन्म नॉर्थ व्हँकूव्हरचा पण वडील वॉरियर्स या बास्केटबॉल टीमकडे खेळाडूंच्या तब्येतीचं खातं बघतात, त्यामुळे लहानपणी तो इथे ज्युनियर शार्क्समधे खेळलेला. म्हणजे जिथे माझी पोरगी दर शनिवारी भिंत धरून स्केटिंग शिकली त्याच बर्फावर. आता शार्क्सचा जुना स्टार जो थॉर्नटन, त्याच्या घरी राहणार आहे म्हणे. विचार कर, 18 वर्षांचा पोरगा आणि सकाळी नाश्त्याला समोर ती दाढी.

आता भांडण. दुसऱ्या नंबरला सगळे विल स्मिथ ठेवतात (तो थोबाडीत मारणारा नव्हे). मी अस्कारोव्हला ठेवलाय. गोली. हो, गोली, आणि तू गोली होतास म्हणून नव्हे, म्हणजे थोडं त्यामुळेही असेल.

स्मिथचं आधी बघू, त्याच्यावर अन्याय नको. 2023 चा चौथा पिक, बॉस्टन कॉलेजला पहिल्याच वर्षी 41 मॅचमधे 71 पॉइंट, पूर्ण देशात सर्वात जास्त. हॉकी ईस्टच्या फायनलला सेलेब्रिनीच्याच टीमविरुद्ध एकट्याने चार गोल मारले, 6-2 जिंकले. त्याचे हात बघशील तर गारुडी, पक स्टिकला चिकटवलाय की काय. मग अडचण काय? अडचण ही की त्याच्या एका बाजूला रायन लेनर्ड आणि दुसऱ्या बाजूला गेब पेरो, दोघंही त्याच ड्राफ्टचे पहिल्या राउंडचे, आणि हे तिघं कॉलेजच्या आधीपासून एकत्र खेळतायत, एकमेकांकडे न बघता पास देतात. इथे त्याला कोण मिळणार ते देव जाणे. शिवाय सेंटर म्हणून उभा केला तर मागे येऊन कुस्ती करावी लागते, समोर 30 वर्षांचा 100 किलोचा बाप्या, तिथे अजून अंग कमी पडतंय. मला वाटतं पहिलं वर्ष विंगवर काढेल, डिसेंबरपर्यंत लोक शिव्या देतील आणि मग तेच लोक मार्चमधे जर्सी घेतील. म्हणून तिसरा.

आता यारोस्लाव अस्कारोव्ह. 2020 ला नॅशव्हिलने 11 व्या नंबरवर घेतलेला. गोली एवढ्या वर सहसा कोणी घेत नाही. गेल्या वर्षी मिलवॉकीला एएचएलमधे (एनएचएलच्या खालची लीग) 30 मॅच जिंकला. पण नॅशव्हिलने 1 जुलैला त्यांच्या पहिल्या गोलीला, सारोसला, आठ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, म्हणजे दार बंद, मग पोराने सरळ सांगितलं मला ट्रेड करा. बऱ्याच लोकांना ते आवडलं नाही, 22 वर्षांचा आणि एवढा माज. मला आवडलं. 23 ऑगस्टला आपल्याकडे आला, बदल्यात एड्स्ट्रॉम, क्रोना आणि व्हेगासचा पहिल्या राउंडचा पिक. आता हा एड्स्ट्रॉम आणि तो पिक आपल्याकडे कुठून आला होता? हर्टल देऊन! मार्चमधे टोमास हर्टल व्हेगासला दिला तेव्हा तू मला फोन केला होतास आणि मी बोललो नव्हतो, आठवतं? 2013 ला रेंजर्सविरुद्ध चार गोल, त्यातला एक पायांच्या मधून, तो हर्टल. मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो. तर हिशोब असाय, हर्टल गेला आणि फिरून फिरून त्याचा गोली होऊन आला. माईक ग्रिअर हा माणूस जीएम (टीम बांधणारा मॅनेजर) म्हणून काही लोकांना थंड वाटतो पण मला हे काम फर्स्ट क्लास वाटलं.

आता तू म्हणशील गोलीचं रँकिंग करायचंच नसतं, तो 25-26 चा झाल्याशिवाय कळतच नाही. खरंय. इव्हगेनी नाबोकोव्ह 1994 ला 219 व्या नंबरवर घेतलेला, नवव्या राउंडला, आणि पुढे आपला इतकी वर्षं तोच. पण मी उलट बाजूने बघतोय. चांगला विंगर नसला तर मॅच 3-1 हरतो, गोली नसला तर 10-2 हरतो आणि त्याचबरोबर समोरची सगळी पोरं बिघडतात, कारण मागे भरवसा नाही म्हटलं की डिफेन्समन पुढे जायला घाबरतो, सेंटर मागेच लटकतो, सेलेब्रिनीसारख्याचंही वर्ष वाया. सुरुवात आत्ताचे गोली ब्लॅकवुड आणि व्हानेचेकच करतील, अस्कारोव्ह काही महिने बॅराकुडाला, आपल्या एएचएलच्या टीमला, खेळेल, ते ठीकच.

आणि अजून एक गोष्ट, हा ग्लोव्ह उजव्या हातात घालतो आणि स्टिक डाव्यात धरतो. बहुतेक सगळ्यांच्या उलट. माझी पोरगी डावखुरी, तिने एकदा व्हिडिओ बघितला आणि ओरडली, बाबा हा माझ्यासारखा! तिच्या यादीत तो पहिला, सेलेब्रिनी दुसरा, स्मिथ बहुतेक यादीतच नाही. मी तिला तुझी गोष्ट सांगितली. की आपल्या हॉकीत डावखुऱ्यासाठी स्टिकच बनत नाही, सगळ्या एकाच बाजूने चपट्या, म्हणून खडकीच्या त्या मुरमाच्या ग्राउंडवर सरांनी तुला पहिल्याच दिवशी बघितलं, डाव्या हाताने स्टिक उलटी धरलेली, आणि म्हणाले हा गोलमधे. तुला काही विचारलंच नाही. आणि मग सिलेक्शनची यादी लागली बोर्डावर, 16 नावं, तू सोळावा, मी नववा, आणि त्या वर्षी मी पूर्ण सीझन खुर्ची गरम केली आणि तू ते फाटके पॅड सुतळीने बांधून चार पेनल्टी स्ट्रोक अडवलेस. पोरीने विचारलं, मग सरांनी यादी बदलली का? म्हटलं नाही, यादी पावसाने भिजून पडेपर्यंत तशीच होती.

बरं पुढे. चौथा सॅम डिकिन्सन, डिफेन्समन, यंदाचा 11 वा पिक, त्याच्यासाठी बफेलोला 14 वा आणि 42 वा देऊन आपण वर गेलो. कॅनडातल्या लंडन नाईट्सला 68 मॅचमधे 70 पॉइंट, तेही डिफेन्समनने, आणि टीम ओएचएल या ज्युनियर लीगची चॅम्पियन. उंच आहे आणि तरीही पळतो, हे दोन्ही एकत्र कमी मिळतं. खरं सांगू का, दोन वर्षांनी हा माझा दुसरा असेल. पण याला आत्ता ज्युनियरला परत पाठवावं लागेल बहुधा, कारण यंदाच्या नियमाप्रमाणे ज्युनियरच्या 18-19 च्या पोरांना एएचएलमधे खेळता येत नाही, एक तर एनएचएल नाहीतर परत, मधलं काही नाही. नऊ मॅच खेळवून परत पाठवलं तर कॉन्ट्रॅक्टचं वर्ष वाया जात नाही, दहावी खेळला की घड्याळ सुरू. एक्लुंडला 2021 ला तसंच नऊ मॅचवर स्वीडनला धाडलं होतं, मी तेव्हा चिडलो होतो, आता कळतं बरोबर केलं.

पाचवा क्वेंटिन मस्टी, सडबरीला 53 मॅचमधे 102 पॉइंट, दांडगा विंगर, पण मूड असेल तेव्हा. मूड नसेल तर बर्फावर आहे की नाही ते मोजून बघावं लागतं. त्याच्यामागे शाकिर मुखामादुलिन, टीमो मायरच्या ट्रेडमधला, उंच, शांत, यंदा वर यायलाच पाहिजे नाहीतर लोक विसरतील. मग हाल्टुनेन, याचा शॉट म्हणजे सुतळी बॉम्ब, बाकी पळायचं तेवढं शिकला की झालं. चेर्निशोव्ह, बिस्टेड, ग्राफ हे त्यानंतर कुठल्याही क्रमाने लाव, मी भांडणार नाही.

पण एक नाव मात्र मी मुद्दाम वर ओढतो, सातवा म्हण, लुका कान्योनी. 2023 चा 123 वा पिक, चौथा राउंड, बुटका डिफेन्समन, म्हणून खाली गेला. पोर्टलंडला 65 मॅचमधे 90 पॉइंट. आता सगळे म्हणतात ज्युनियरला ठीक, मोठ्यांमधे चिरडला जाईल. जो पॅव्हेल्स्की 205 वा होता, त्यालाही पळता येत नाही म्हणायचे. मी पैज लावतोय, तीन वर्षांत कान्योनी पॉवरप्लेवर (समोरचा एक शिक्षेला बाहेर बसतो तेव्हा). हरलो तर पुण्यात आल्यावर मिसळ माझी, जिंकलो तरी माझीच, तू कधी पैसे काढलेस.

टीम किती जिंकेल असं विचारशील, तर 25 च्या आसपास म्हणतो. टोफोली, वेनबर्ग घेतलेत, वॉलमन आलाय, नवा कोच वॉर्सोफ्स्की 36 वर्षांचा, आपल्यापेक्षा लहान आहे रे तो, ह्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

पहिली मॅच 10 ऑक्टोबरला, सेंट लुईसबरोबर, घरीच. तुझ्याकडे 11 ची सकाळ होईल, दसऱ्याच्या आदला दिवस, ऑफिसला उशिरा जा. मी दोन तिकिटं काढलीत, पोरगी येणार. तिने मला काल विचारलं की तुम्ही दसऱ्याला स्टिकची पूजा करायचात म्हणजे काय करायचात, तर सांगितलं, हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि त्या दिवशी स्टिकला हात लावायचा नाही. ती म्हणते मग आपण पण करू. आता तिच्याकडे एक प्लास्टिकची स्टिक आहे आणि गराजमधे वापरायचे जुने गोलीचे पॅड, डाव्या हाताची स्टिक मिळाली पण उजव्या हाताचा ग्लोव्ह तिच्या मापाचा इथे कुठे मिळेना. तुला पॅड बांधायची ती सुतळीची गाठ आठवत असेल तर व्हिडिओ काढून पाठव, पट्टे तुटलेत आणि मला ती गाठ कधीच जमली नाही. आणि तुझी यादी पाठव, तिसऱ्यापर्यंत तरी.

तुझा,
बंड्या