सिम्पसनला ‘बहाद्दर’ म्हणणारे कोण होते, तेही मुलांना सांगा
ऑस्ट्रेलियाच्या माजी सैनिक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाला वेगळी पाठवली आहे. मराठीत लिहिते आहे ते इथल्या मराठी आईबापांसाठी. त्यांची मुलं दर एप्रिलमध्ये अँझॅक दिनासाठी (अँझॅक म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची फौज) शाळेतून कागदी गाढव आणि लाल पॉपीची फुलं करून घरी आणतात.

माझी मुलगी तिसरीत आहे. यंदा तिला जॉन सिम्पसनचा धडा होता. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या डोंगरातून जखमींना गाढवावर बसवून समुद्रकाठी आणणारा ऑस्ट्रेलियन वीर, त्याने ३०० जीव वाचवले, असं तिच्या कागदावर छापलं होतं. तिने विचारलं, “आई, तेव्हा आपण कुठे होतो?” मला उत्तर माहीत होतं, पण त्या कागदावर त्याचा एक शब्दही नव्हता.

सिम्पसनचं पूर्ण नाव जॉन सिम्पसन किर्कपॅट्रिक. जन्म ६ जुलै १८९२चा, गाव इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं साउथ शील्ड्स. शाळेच्या सुट्टीत तिथल्या पुळणीवर तो पोरांना गाढवावरून फिरवून आणायचा. १९०९मध्ये वडील गेले आणि तो जहाजावर कामाला लागला. मे १९१०मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या न्यूकॅसल बंदरात जहाज सोडून पळाला. पुढची चार वर्षं मिळेल ते काम केलं. ऊस तोडला, कोळशाच्या खाणीत उतरला, किनाऱ्याने फिरणाऱ्या जहाजांवर राबला. आईला मात्र पत्रं आणि पैसे पाठवत राहिला. गिरणगावातून कोकणात मनीऑर्डर धाडणाऱ्या चाकरमान्याच्या घरात मी वाढले. त्या पैशांमागे काय असतं, हे मला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

ऑगस्ट १९१४मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरात त्याने पुन्हा जहाज सोडलं आणि किर्कपॅट्रिक हे आडनाव गाळून ऑस्ट्रेलियाच्या फौजेत नाव नोंदवलं. यानिमित्ताने घरी, इंग्लंडला पोचता येईल अशी त्याला आशा होती. पण फौज इजिप्तला उतरली आणि तिथून गॅलिपोलीला गेली. साउथ शील्ड्स त्याला पुन्हा दिसलं नाही.

२५ एप्रिल १९१५ रोजी तो किनाऱ्यावर उतरला, तिसऱ्या फील्ड अँब्युलन्स या लष्करी वैद्यकीय पथकातला साधा स्ट्रेचरवाहक म्हणून. लवकरच एक गाढव हाताशी धरून तो गोळीबार चाललेल्या दरीत एकटाच ये-जा करू लागला. गाढवावर बसवता येत ते बहुतेक पायाला जखम झालेले, कारण त्याहून वाईट अवस्थेतल्या माणसाला स्ट्रेचरच लागे. १९ मे रोजी दरीतच गोळी लागून तो गेला. वय २२. उतरल्यापासून जेमतेम साडेतीन आठवडे. दुसऱ्याच दिवशी तिथल्या एका ऑस्ट्रेलियन ब्रिगेडचे प्रमुख कर्नल मोनॅश यांनी वरिष्ठांना लिहून त्याच्या कामाची वाखाणणी केली.

आता कागदावर नसलेला भाग. सिम्पसन आपल्या पथकाच्या तळावर राहत नव्हता. तो राहायचा भारतीयांच्या खेचरांच्या तळावर, २१व्या कोहाट डोंगरी तोफखान्यापाशी. जनावरांना चारा तिथे होता, आणि जनावरांत रमणारी माणसंही. हे भारतीय सैनिक त्याला ‘बहादूर’ म्हणत. मराठीत आपण ‘बहाद्दर’ म्हणतो. माझ्या मुलीला हा शब्द आजोबांच्या तोंडून रोज ऐकू येतो.

त्या तळावर मराठी माणसं होती असा माझा दावा नाही. बहुतेक जण पंजाब आणि वायव्य सरहद्दीकडचे शीख आणि मुसलमान होते. त्यांच्या तोफा सुट्या करून खेचरांवर लादल्या जात आणि वर डोंगरात जोडल्या जात. २६वी जेकब्स बॅटरी हा दुसरा भारतीय डोंगरी तोफखाना तर पहिल्याच दिवशी किनाऱ्यावर होती. खेचरगाड्या हाकणारे ‘ड्राबी’ रात्रीच्या अंधारात पाणी, रसद आणि दारूगोळा वर पोचवत. खंदकातल्या ऑस्ट्रेलियन सैनिकाच्या तोंडी पाण्याचा घोट पडला, त्यात या माणसांचे हात होते.

मंत्री महोदय, ३०० हा आकडा सिद्ध करणारी नोंद नाही. तो मुलांना शिकवू नये. सिम्पसनला व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक द्यावं, या मागणीला २०१३च्या सरकारी चौकशीने नकार दिला आहेच. सिम्पसनचं शौर्य त्याच्या पथकातल्या इतर स्ट्रेचरवाहकांसारखंच होतं, असं त्यात म्हटलं आहे. मला हे वाचून तो लहान झाला असं वाटलं नाही. इतरांकडे लक्ष गेलं. ज्या चित्रामुळे गाढववाला घराघरांत पोचला, ते चित्रसुद्धा रिचर्ड हेंडरसन या न्यूझीलंडच्या स्ट्रेचरवाहकाच्या फोटोवरून काढलेलं आहे.

आपलं खातं शाळांसाठी अँझॅकविषयी साहित्य तयार करतं. माझी मागणी एवढीच आहे की प्राथमिक वर्गांसाठीच्या सिम्पसनच्या धड्यात दोन गोष्टी ठसठशीत याव्यात. एक, तो जहाजावरून पळालेला, या देशात येऊन चारच वर्षं झालेला इंग्रज कामगार होता. दुसरी, तो रात्री ज्यांच्याकडे परतायचा ते भारतीय होते, आणि त्यांनी त्याला ठेवलेलं नावही मुलांना कळावं. सोबत खेचरांच्या तळाचं एखादं जुनं छायाचित्र असेल तर फार बरं.

पुढच्या एप्रिलमध्ये माझी मुलगी चौथीत असेल, आणि धाकटा पहिलीत. त्याच्या हातात येणाऱ्या कागदाची मी वाट पाहते आहे.

आपली नम्र,
मेलबर्नमधली एक मराठी आई