विहान, वियान आणि विठ्ठल

सोलापूर

चि. अमोल यास अनेक आशीर्वाद.

नावांची यादी मिळाली. रोहिणी नक्षत्र म्हणून ओ, वा, वी, वू ही अक्षरं आली, ते ठीक. पण विहान, विवान, वियान अशा सकाळपासून आलटून पालटून हाका मारून बघितल्या, आणि कुठल्या नातवाला बोलावतेय हे माझं मलाच कळेना. विहान म्हणजे पहाट, एवढं तरी माहीत आहे. वियानचा अर्थ तुझ्या मोबाईललाच ठाऊक.

अर्थाचं सोड. मला तो आवाजच रुचत नाही. 'विहान' म्हणून बघ, शेवटच्या 'न'पर्यंत जीभ कुठं टेकतच नाही. नुसती फुंकर. आता 'विठ्ठल' म्हण. टाळूला कशी लागते! तू हसशील. हस. पण आपल्या बोळात यंत्रमागाच्या खडखडाटातून हाक पलीकडं गेली पाहिजे. शिवाय इथली पोरं 'काय बे विहान्या' करणारच. विठ्ठलचंही विठ्या होईल, पण त्याला सवय आहे.

खरं तर मला बोलायचा हक्क किती, कोण जाणे. माझंच नाव लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहून बदललं. वर्षभर मी हाकेला ओ देत नव्हते, सासूबाईंना वाटायचं सुनेला कमी ऐकू येतं. त्यांना तुझं नाव सिद्धाराम हवं होतं. मी अडून बसले. फार जड आहे, म्हाताऱ्याचं वाटतं, म्हणाले. तेव्हा जिकडंतिकडं अमोल, राहुल, सचिन चाललेलं.

मग सिद्धरामेश्वराच्या गड्डा जत्रेत तू हरवलास. होम मैदानावर पाळण्यापाशी मी 'अमोल' म्हणून ओरडले, तर तीन पोरांनी वळून बघितलं. त्यात तू नव्हतास. सापडलास तेव्हा हातात पिपाणी, डोळ्यांत पाणी. आजी वाटेत काही बोलली नाही. रात्री भाकरी थापताना मीच म्हटलं, "चुकलंच माझं, सिद्धाराम ठेवायला हवं होतं." तर म्हणाली, "मग तीस जणांनी बघितलं असतं."

तेव्हा घाई करू नका. दाखल्यावर नाव १ वर्षाच्या आत घातलं तर विलंब शुल्क पडत नाही. आत्याला विचारलंस का? बारशाला कानात कुर्र तीच करणार.

पाळणा माळ्यावरून काढलाय. एक कडी सैल आहे, येताना पक्कड आण.

तुझी आई